'करीन की केव्हाही': टाळाटाळ, कजा नमाज आणि ईमान

वअलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाह.

तुझं पत्र लांब आहे, म्हणून आधी त्यातलं मुख्य सांगतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही प्रश्न कळेल. तू मूळचा कोकणातला, वय सत्तावीस, पुण्यात नोकरीला. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली आहेत, वेळापत्रक अनेकदा केलं, अभ्यास मात्र रोज उद्यावर जातो. कॉलेजपासून सुटलेल्या नमाजांची कजा, म्हणजे त्या नंतर भरून काढणं, डोक्यावर आहे आणि तो आकडा आठवला की आजची नमाजही नकोशी होते. मामेभावाकडून उसने घेतलेले पैसे पगार हातात येऊनही परत गेलेले नाहीत, आता तू त्याचा फोनही उचलत नाहीस. दर रमजानला सगळं सुधारायचं ठरवतोस आणि ईदनंतर पुन्हा जिथल्या तिथे. शेवटी ईमानाबद्दल, म्हणजे श्रद्धेबद्दल, विचारलं आहेस, "माझं ईमानच कमजोर आहे का?"

वयाने तू माझ्या मुलासारखा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेनंतर मशिदीत तरुण मुलांबरोबर बसण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकला आहे. नाही, ईमान कमजोर आहे म्हणून हे होतंय असं मला वाटत नाही. प्रेषित मुहम्मदांचे (स.) सोबती हजरत हन्जला (रजि.) एकदा "हन्जला मुनाफिक झाला", म्हणजे वरून श्रद्धावान आणि आतून नाही, असं म्हणत घराबाहेर पडले होते. प्रेषितांच्या (स.) सोबतीत असताना जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसते आणि घरी बायकामुलांत गेलं की पुष्कळसं विसरायला होतं, एवढंच त्यांचं कारण होतं. प्रेषितांनी (स.) त्यांना मुनाफिक ठरवलं नाही. मन सदासर्वकाळ त्याच उंचीवर राहत नाही, एक घडी अशी असते, एक घडी तशी, असं सांगितलं. तुझ्या मनाची टोचणी शिल्लक आहे, याचाच अर्थ आत काहीतरी जिवंत आहे.

पण मग टाळाटाळ होते कशाने? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी स्वतःच्या तोंडून दिलं आहे. सहीह बुखारी या संग्रहात ती लांब हदीस, म्हणजे प्रेषितांच्या (स.) काळातली नोंदलेली हकिकत, आहे. तू ती लहानपणी ऐकली असशील, पण बहुधा तिचा शेवट ऐकला असशील. तुझ्या कामाची आहे तिची सुरुवात.

हिजरी ९ मधली गोष्ट, प्रेषितांनी (स.) काढलेल्या तबूकच्या लष्करी मोहिमेची. कडक उन्हाळा, लांबचा प्रवास, आणि मदिनेत फळं पिकलेली, सावली हवीहवीशी वाटणारी. कअब काही कच्चे मुसलमान नव्हते. अकबाच्या रात्री प्रेषितांकडे (स.) बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, केलेले अन्सारी (मदिनेचे मुसलमान), नावाजलेले कवी, बद्रची लढाई सोडली तर त्याआधीच्या कुठल्याही मोहिमेत मागे न राहिलेले. आणि ते स्वतः सांगतात की मी त्या वेळी होतो तितका धडधाकट आणि सुस्थितीत कधीच नव्हतो, दोन-दोन स्वारीची जनावरं माझ्याकडे त्याआधी कधी नव्हती. लोक तयारी करत होते. कअब सकाळी तयारीसाठी निघायचे आणि काहीच न करता परत यायचे. मनात म्हणायचे, मला जमेल की, मी केव्हाही करू शकतो. असं करता करता एका सकाळी लष्कर निघून गेलं. तेव्हा म्हणाले, एक-दोन दिवसांत तयारी करून गाठतो त्यांना. दुसऱ्या दिवशी निघाले, परत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. लष्कर दूर गेलं. तरी वाटत राहिलं की आत्ता निघालो तर गाठीन. सांगताना त्यांच्या तोंडून निघून जातं, "निघालो असतो तर बरं झालं असतं!"

हे वाचल्यावर मला एक गोष्ट पक्की पटली. त्यांना अडवणारी गोष्ट दुबळेपणा नव्हती, साधनांची कमतरता नव्हती, श्रद्धेचा अभावही नव्हता. अडवलं ते त्या भरवशाने, की हे माझ्या हातात आहे आणि उद्याही असेल. तुझ्या टेबलावरची पुस्तकं, मोबाइलमधले व्हिडिओ, सुबक वेळापत्रक हे सगळं मिळून तुलाही रोज तेच सांगतं. तयारी आहेच, सुरू काय केव्हाही करता येईल. म्हणून मी मुलांना आणखी साधनं गोळा करायला सांगत नाही. 'केव्हाही' हा शब्द दिवसातून हद्दपार करायला सांगतो. दीन हेच करतो. नमाज 'दिवसभरात कधीतरी पाच वेळा' अशी फर्ज, म्हणजे बंधनकारक, झालेली नाही. सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत ती ठरलेल्या वेळांची फर्ज असल्याचं सांगितलं आहे. वेळ आली की उठायचं. मन लागण्याची वाट बघायची नसते.

आता कअब यांच्या गोष्टीतला मधला भाग, जो आपल्याकडे घाईत सांगितला जातो. प्रेषित (स.) परत आले तेव्हा ऐंशीहून अधिक माणसं सबबी घेऊन हजर झाली. त्यांचं म्हणणं वरवर मान्य झालं, मनातलं अल्लाहवर सोडलं गेलं. कअब बोलण्यात हुशार होते, सबब रचता आली असती. त्यांनी खरं सांगितलं: मला काहीही अडचण नव्हती. मग मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या यांच्यासह त्यांच्याशी बोलणं बंद करण्याचा आदेश झाला आणि ते पन्नास रात्री चाललं. त्या दिवसांत बाकीचे दोघे घरात बसून रडत असत. कअब वयाने लहान, अंगाने धट्टेकट्टे, ते मशिदीत जमातीला, म्हणजे सामूहिक नमाजेला, येत राहिले, बाजारातही फिरत राहिले, कुणी बोलत नसताना. सलाम केल्यावर उत्तरासाठी प्रेषितांचे (स.) ओठ हलले का, हे ते चोरून बघत. माफीची बातमी आली त्या सकाळी ते आपल्या घराच्या छतावर फजर, म्हणजे पहाटेची नमाज, पढून बसले होते.

गुन्ह्याचं ओझं खरं असताना, लोकांनी तोंड फिरवलेलं असताना, कअबनी मशीद सोडली नाही. तू सोडतोस. तुझ्यावर तर कुणी बहिष्कारही घातलेला नाही. मागची कजा आठवते म्हणून आजची जोहर (दुपारची नमाज) सोडायची, हे नम्रतेसारखं दिसतं, पण सैतानाला याहून सोयीचं काही नाही. काही मुलं सूरह निसाची ती आयत स्वतःलाच लावून घेतात, मुनाफिक नमाजला आळसाने उभे राहतात ती, आणि त्या भीतीने उभंच राहायचं सोडतात. आळसाने उभा राहिलास तरी उभा राहा. उभं राहिल्यावर मन सुधारायला जागा मिळते.

तुझ्या कामांचा क्रम मी वेगळा लावेन. अभ्यास शेवटी. आधी मामेभाऊ.

कारण ही टाळाटाळ फक्त तुझी राहिलेली नाही, तिच्यात दुसऱ्याचा हक्क अडकला आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हदीस आहे, ऐपत असलेल्याने कर्ज फेडायला केलेली टाळाटाळ हा जुलूम आहे. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्या, असं कुरआनने सूरह बकरात (२:२८०) सावकाराला सांगितलं आहे, पण तू तंगीत नाहीस, हे तूच लिहिलं आहेस. म्हणून आज त्याला फोन कर. फोन करवत नसेल तर निरोप लिही, चार ओळींचा: भाऊ, तुझे पैसे द्यायचे राहिले, चूक माझी आहे, अडचण काही नव्हती, या पगाराला इतके पाठवतो आणि बाकीचे अमुक महिन्यापर्यंत. आजारपण, बँकेचा घोळ, ऑफिसचं काम असलं काही जोडू नकोस. टाळाटाळ करणाऱ्याची अर्धी ताकद सबबी सांभाळण्यात जाते, आणि एकदा खरं सांगितलं की ती ताकद मोकळी होते, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. निरोप पाठवून त्याच बैठकीत पहिली रक्कमही पाठव, मग ती लहान असली तरी.

त्यानंतर कजा नमाज. इथे तू आकड्याला घाबरला आहेस. सुटलेल्या फर्ज नमाजांची कजा करावी, असं चारही मजहबांच्या, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या परंपरांच्या, उलमांचं (धर्मपंडितांचं) सर्वसाधारण मत आहे, तेव्हा ती सोडून देण्याचा सल्ला मी देणार नाही. पण करायची कशी, याची आपल्या आजीआजोबांच्या पिढीने वापरलेली साधी रीत आहे. प्रत्येक फर्ज नमाजेबरोबर त्याच वक्ताची एक कजा. फजरबरोबर एक फजर, जोहरबरोबर एक जोहर. रोज एका दिवसाची कजा फिटते, म्हणजे एका वर्षाची एका वर्षात. नक्की किती सुटल्या ते आठवत नसेल तर प्रामाणिक अंदाज कर, थोडा वाढवूनच धर, आणि वहीत लिही. तू शाफई मजहबाचा असशील, कारण कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई. त्या मजहबात विनाकारण सोडलेल्या नमाजांची कजा लवकर करण्यावर जास्त जोर आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी जास्त पढ आणि बारकावे गावच्या किंवा पुण्यातल्या जाणत्या आलिमाला विचार. पण रोजचा हा हप्ता चुकवू नकोस. आणि आणखी एक, पुण्यातल्या बऱ्याच मशिदींत हनफी मजहबाच्या वेळेप्रमाणे असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, जमात उशिरा होते. "आपली वेळ झाली, पण जमात नाही, मग बघू" असं करत ऑफिसात तुझी असर जात असेल, तर ती आपल्या वेळेवर ऑफिसातच पढून घे. तुझ्यासारख्यांची सगळ्यात जास्त सुटणारी नमाज असरच असते.

हा हप्ता सुरू राहिला की अभ्यासाचं अर्धं काम झालेलं असतं, कारण तुझ्या दिवसाला पाच खुंट्या मिळतात. मी 'रोज चार तास अभ्यास कर' असं सांगत नाही. फजरनंतर चाळीस मिनिटं, एवढंच. मुसल्ला (नमाजेची चटई) घडी करायच्या आधी पुस्तक उघडायचं आणि ते संपेपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत. कुठलं पान, कुठला धडा, हे आदल्या रात्री ठरलेलं असायला हवं. सकाळी ठरवत बसलास तर ठरवण्यातच चाळीस मिनिटं जातील.

फजरच का? बुखारी-मुस्लिममध्ये हदीस आहे की माणूस झोपतो तेव्हा सैतान त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला तीन गाठी मारतो, प्रत्येक गाठीवर "रात्र अजून लांब आहे, झोप" म्हणत. उठून अल्लाहचं नाव घेतलं की एक सुटते, वुजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं) केला की दुसरी, नमाज पढली की तिसरी. मग माणूस सकाळी ताजातवाना असतो, नाहीतर जड आणि सुस्त. यातला क्रम बघ. 'उठ आणि सगळं कर' असं तिथे नाही. आधी ओठ हलतात, मग हातपाय भिजतात, मग उभं राहणं. सुस्ती एकेका लहान कृतीने सुटत जाते. तिरमिजी आणि अबू दाऊदमध्ये प्रेषितांची (स.) दुआ आहे, अल्लाह, माझ्या उम्मतच्या (अनुयायांच्या) सकाळींत बरकत दे. ती सांगणारे हजरत सख्र (रजि.) व्यापारी होते, ते आपला माल पहाटेच रवाना करू लागले आणि त्यांची भरभराट झाली.

पण पुण्यात उन्हाळ्यात फजरचा वक्त साडेचार-पावणेपाचला लागतो. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल बघणाऱ्याने पहाटे अभ्यासाची नियत केली तर ती नियत टिकत नाही. प्रेषितांना (स.) इशाआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे, हीसुद्धा बुखारीतलीच हदीस. आजच्या काळात इशानंतरच्या गप्पा म्हणजे हातातला तो मोबाइल. म्हणून पहाटेची लढाई रात्री लढायची असते. इशा पढल्यावर साडेदहाला दिवा बंद, हे आधी दोन आठवडे कर, अभ्यासाकडे नंतर बघू, असंही मी काही मुलांना सांगितलं आहे.

इमाम गजालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये नफ्सला, म्हणजे आपल्याच मनाला, व्यापारातल्या भागीदाराची उपमा दिली आहे. भागीदाराबरोबर सकाळी अटी ठरवायच्या, दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि शेवटी हिशोब घ्यायचा. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात रडारड नाही. फजरनंतर एक वाक्य लिही: आज मी अमुक करीन, अमुक नमाजेनंतर. इशानंतर त्याच ओळीपुढे लिही: झालं किंवा नाही झालं. नाही झालं असेल तर का, ते चार शब्दांत. हजरत उमर (रजि.) यांचं म्हणणं सांगितलं जातं की तुमचा हिशोब घेतला जाण्याआधी स्वतःच स्वतःचा हिशोब घ्या. पाच मिनिटांहून जास्त वेळ यात घालवू नकोस. तासभर स्वतःला दोष देत बसणं ही टाळाटाळीचीच एक तऱ्हा आहे, फक्त तिच्यात पुण्य केल्यासारखं वाटतं.

रमजानबद्दल लिहिलंस ते मला महत्त्वाचं वाटतं. तू तेव्हा तरावीहची जादा नमाज, कुरआनचा पूर्ण खत्म (संपूर्ण वाचन), रात्रीची तहज्जुद, अभ्यास, व्यायाम, मोबाइल बंद, असं सगळं एकदम धरतोस. पुन्हा कअब यांच्याकडे ये. माफी मिळाल्याच्या आनंदात ते म्हणाले, माझ्या तौबेचा (पश्चात्तापाचा) भाग म्हणून माझी सगळी मालमत्ता सदका (दान) करतो. प्रेषितांनी (स.) त्यांना थोपवलं. काही भाग स्वतःजवळ ठेव, ते तुझ्यासाठी चांगलं आहे. तेव्हा त्यांनी खैबरमधला आपला हिस्सा राखून ठेवला. तौबा खरी होती, आयत उतरली होती, तरीही भरात घेतलेला निर्णय प्रेषितांनी (स.) आवरता घ्यायला लावला. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस तर तुला पाठ असेल, अल्लाहला सगळ्यात प्रिय काम ते, जे नेमाने होतं, मग ते थोडं का असेना. पुढच्या रमजानमध्ये एकच गोष्ट अशी निवड जी शव्वालमध्येही, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यातही, चालेल. बाकीची इबादत रमजानची म्हणून मनापासून कर, ती रमजानबरोबर कमी झाली तर त्यात नापास होण्यासारखं काही नाही.

पत्रात एका ठिकाणी तू लिहिलं आहेस, "नशिबात असेल तर होईल." हे वाक्य मला खटकलं. सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये क्रम स्पष्ट आहे: जे तुझ्या फायद्याचं आहे त्याच्यासाठी झट, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊन बसू नकोस. त्यानंतर काही विपरीत घडलं तर मात्र "असं केलं असतं तर तसं झालं असतं" म्हणत बसू नकोस, अल्लाहने ठरवलं ते झालं असं म्हण. म्हणजे तकदीरचा आधार घडून गेलेल्या गोष्टीचं दुःख हलकं करायला आहे. तू तो न केलेल्या कामासाठी आधीच वापरतोयस. परीक्षा देऊन नापास झालास तर ते वाक्य तुझ्या हक्काचं आहे, पुस्तक न उघडता नाही.

नापास होण्याची भीती हेच खरं कारण असेल, असं तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं. अभ्यास सुरूच केला नाही तर 'मनावर घेतलं असतं तर झालो असतो' हा दिलासा शिल्लक राहतो. प्रेषित (स.) वारंवार मागत असलेली एक दुआ हजरत अनस (रजि.) यांनी सांगितली आहे: अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन, वल अज्जि वल कसल, वल बुख्लि वल जुब्न, व जलइद्दैनि व गलबतिर्रिजाल. काळजी आणि दुःख, हतबलता आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा, कर्जाचं ओझं आणि लोकांचा दबाव, या सगळ्यांपासून एकाच दमात आश्रय मागितला आहे. आळस तिथे एकटा येत नाही. तुझ्या पत्रातही काळजी, भीती, कर्ज आणि आळस एकत्रच आले आहेत. ही दुआ फजर आणि मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजेनंतर) माग, अर्थ लक्षात घेऊन, आणि त्यातलं आज मला काय नडतंय ते मनात धरून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारतो, आणि इथे संकोच करू नकोस. झोप, भूक, जुन्या आवडी, लोकांत मिसळणं हे सगळंच कित्येक आठवडे बिघडलं आहे का? शाळेपासूनच कुठल्याही कामावर मन दहा मिनिटं टिकत नाही, असं आहे का? कधी जगणंच नको वाटतं का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. जगणं नको वाटत असेल तर उद्यावर नको, आज. इलाज करा, अल्लाहने इलाज नसलेला आजार ठेवलेला नाही, असं प्रेषितांनी (स.) सांगितलं आहे, फक्त म्हातारपण वगळून. नैराश्याला किंवा एकाग्रतेच्या विकाराला ईमानाची कमतरता म्हणणारे लोक आपल्या समाजात अजून आहेत. त्यांचं ऐकू नकोस. डॉक्टरांची गोळी आणि फजरनंतरची दुआ एकमेकींच्या आड येत नाहीत.

आणि ठरवलेलं एखाद्या दिवशी मोडेल, तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवतो. फजर चुकली, चाळीस मिनिटं गेली, असं होईल. त्या दिवशी 'आता सोमवारपासून' किंवा 'पहिल्या तारखेपासून' असं म्हणायचं नाही. जाग येताच आधी फजरची कजा, मग जोहरनंतर जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं तेच ठरलेलं पान. चाळीसची भरपाई करायला जाऊ नकोस, पंधराच. वहीत दोन्ही गोष्टी लिही, चुकलेली आणि केलेली. मामेभावाला निरोप मात्र हे वाचून झाल्यावर लगेच लिही, पुढच्या अजानची वाट न बघता.